वर्गाच्या भिंतीवरचं सरकार

विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, जूनच्या अगदी अखेरीस. 2023 च्या जुलैचा पहिला आठवडा होता, माझ्याकडे पाचवीचा वर्ग आला होता. चौतीस मुलं. परिसर अभ्यासात पुढे शासनाचा भाग येणार होता, म्हणून पुस्तक उघडण्याआधी मी प्रत्येकाला अर्धा ड्रॉइंग पेपर दिला आणि सांगितलं, "सरकार काढा."

"कसं काढायचं मॅडम?"

"तुम्हाला दिसतं तसं."

अर्ध्या तासाने कागद गोळा केले. अकरा जणांनी पांढऱ्या कपड्यातला, हात जोडलेला माणूस काढला होता, चौकातल्या बॅनरवर असतो तसाच. सात जणांनी लाल दिव्याची गाडी. गाड्यांवरचे लाल दिवे 2017 मध्येच गेले, पण मुलांच्या चित्रांत ते अजून आहेत. कोणी पोलीस काढला, कोणी खुर्ची, एकाने समुद्राच्या काठावर उंच इमारत काढून खाली "मुंबई" लिहिलं. आणि एका मुलीने रेशनचं दुकान काढलं. दुकान लहान, काउंटरवरचं अंगठ्याचं मशीन त्याहून मोठं आणि त्यावर ठेवलेला आजीचा अंगठा सगळ्यात मोठा. अंगठ्यावरच्या रेषासुद्धा तिने पेन्सिलीने एकेक करून काढल्या होत्या.

मी विचारलं, "यात सरकार कुठे आहे?"

"मॅडम, सरकार आजीचा अंगठा पायते ना. उमटला का मग गहू देते. कधी कधी उमटतच नाही, मंग आजी हात धुऊन पुन्हा लावते."

तो कागद मी आजही जपून ठेवला आहे. बाकीच्या मुलांनी सरकारचे फोटो पाहिले होते. या मुलीने सरकार पाहिलं होतं.

माझी नोकरी एकोणीस वर्षांची. इतकी वर्षं हा भाग शिकवताना मी एकच छापील तक्ता वापरत आले. नागपुरात बर्डीवरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तसा: मोठा त्रिकोण, शेंड्यावर राष्ट्रपती, त्याखाली पंतप्रधान, मग राज्यपाल, मुख्यमंत्री, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि तळाला ग्रामपंचायत. बाण सगळे वरून खाली. त्या वर्षीही तोच टांगला, शिकवला आणि पंधरा दिवसांनी तोंडी चाचणी घेतली.

"सरपंच कोणाचं ऐकतो?"

"आमदाराचं."

"आमदार?"

"मुख्यमंत्र्याचं."

"मुख्यमंत्री?"

"पंतप्रधानाचं!" सगळा वर्ग एका सुरात.

"आणि लोक कोणाचं ऐकतात?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सगळ्याईचं."

त्या तक्त्यावरून शिकलेल्या मुलाचं ते उत्तर अचूक होतं, आणि तेच मला लागलं. तक्ता मी टांगला होता. त्रिकोण म्हणजे शिडी आणि शिडी म्हणजे वर बसलेला खालच्याला हुकूम सोडतो, हे मुलांनी शब्दांतून घेतलं नव्हतं, आकारातून घेतलं होतं. आपल्या राज्यघटनेत अशी शिडी नाही. केंद्राने कशावर कायदे करायचे, राज्याने कशावर, याच्या सूच्या सातव्या परिशिष्टात आहेत. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीनंतर पंचायतींसाठी 29 विषयांचं अकरावं परिशिष्ट आलं, नगरपालिका-महानगरपालिकांसाठी 18 विषयांचं बारावं. ज्याचं त्याचं काम वेगळं. देखरेख असते, पैसाही वरून येतो, पण सरपंच हा मुख्यमंत्र्यांचा शिपाई नव्हे. त्याला गावाने निवडलेलं असतं. दहा वर्षांच्या मुलाला परिशिष्ट सांगून काही उपयोग नाही, हे मला कळत होतं. पण जे परिशिष्टात आहे त्याच्या उलट चित्र तरी दाखवू नये, असं त्या दिवशी पक्कं ठरवलं आणि तक्ता उतरवला.

नवा तक्ता कुठून सुरू करायचा याचं उत्तर व्हरांड्यात मिळालं. मधल्या सुट्टीत मुलं नळावर ओंजळीने पाणी पीत होती. मी वर्गात येऊन फळ्यावर नळ काढला आणि विचारलं, "हे पाणी कुठून येतं?"

"टाकीतून." "टाकीत कुठून?" "पाइपातून." "पाइपात?" इथे सगळे थांबले.

मग इतवारीतून खाकी कागदाचा रोल आणला. वर्गाची उत्तरेकडची भिंत रिकामी होती, खिडकीपासून दारापर्यंत. तिथे कागद आडवा लावला, उभा नाही. एवढा एक निर्णय मी विचार करून घेतला, बाकीचं मुलांबरोबर घडत गेलं. डाव्या टोकाला शाळेचा नळ. त्यापुढे वस्तीतला जलकुंभ, मुलांनी शाळा सुटल्यावर जाऊन पाहिला आणि तसाच काढला, शिडी आणि कठड्यासकट. त्यापुढे गोरेवाड्याचं जलशुद्धीकरण केंद्र. इथपर्यंत महानगरपालिका. पुढे नवेगाव खैरी आणि तिच्याही वर तोतलाडोह, पेंच नदीवरची राज्याच्या पाटबंधाऱ्याची धरणं. कागदाचं उजवं टोक आलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, पेंच कुठून येते?"

पेंच येते मध्य प्रदेशातून, छिंदवाड्याकडून. तिकडे चौराईला धरण झालं, त्यानंतर तोतलाडोहात येणारं पाणी कमी झालं आणि नागपूरकरांना त्याची चिंता लागली. दोन राज्यांची एक नदी असली आणि पाण्यावरून तंटा झाला तर कोणी बघायचं? त्यासाठी संसदेने 1956 मध्ये आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा केला. म्हणजे व्हरांड्यातल्या नळाचा माग काढत निघालं की दिल्लीतल्या संसद भवनापर्यंत पोचतो. कागद संपला होता. मुलांनी दाराच्या चौकटीवर अजून एक तुकडा चिकटवला आणि त्यावर संसद काढली. गोल. नवी इमारत त्रिकोणी आहे हे सांगितल्यावर शेजारी तीही काढली. संसद दाराच्या वर आणि नळ खिडकीशी, पण दोन्ही एकाच ओळीत.

नळाची ओळ झाल्यावर मुलांना नादच लागला. दिवा कोणाचा, रस्ता कोणाचा, खिचडी कोणाची. मग आम्ही कार्डं करायला घेतली. जुन्या लग्नपत्रिका उलट्या करून कोऱ्या बाजूला चित्र काढायचं. पत्रिकेचा कागद जाड असतो, टाचणीने फाटत नाही आणि घराघरात ढीग पडलेला असतो. कोणाला विकत काही आणावं लागलं नाही. भिंतीवर तीन सुतळ्या बांधल्या: महापालिकेची, राज्याची, केंद्राची. कार्डं सुतळीला चिमट्याने लावायची. फेव्हिकॉल मुद्दाम वापरला नाही. चिकटवलेलं कार्ड चुकलं तर चुकलेलंच राहतं, चिमट्याचं कार्ड मुलगा स्वतःच्या हाताने काढून दुसरीकडे लावतो. वर्गात आमच्याकडे टीव्ही आहे, त्यावर मी चित्रफिती दाखवल्या आहेत. मुलं एकटक बघतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर संगीत तेवढं आठवतं.

पहिल्याच दिवशी पोलिसाचं कार्ड महापालिकेच्या सुतळीवर गेलं, कारण "चौकी तं आमच्या वॉर्डातच आहे". पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, हे पटायला वेळ लागला. टपालपेटी आणि रेल्वे केंद्राकडे, अजनीला, रेल्वे स्टेशनजवळ राहणाऱ्या मुलांनी ते ठामपणे सांगितलं. रस्त्यावरच्या दिव्यावरून मोठा वाद झाला. वीज महावितरणची, म्हणून दिवा राज्याचा, असा एका गटाचा मुद्दा होता. खांब आणि दिवा महापालिकेचा, आत येणारी वीज तेवढी महावितरणची, असा दुसऱ्या गटाचा. शेवटी त्यांनी दिव्याचं कार्ड महापालिकेच्या सुतळीवर ठेवलं आणि त्याला दोऱ्याने कोराडीचं वीज केंद्र जोडलं. मी मध्ये पडले नाही.

काही कार्डं एका सुतळीवर राहीनात. खिचडीचं कार्ड: शालेय पोषण आहाराच्या खर्चात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. मेट्रो: महामेट्रोत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. रेशनचं तर विचारूच नका. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं धान्य केंद्राकडून येतं, वाटप राज्याचं. ती कार्डं दोन सुतळ्यांच्या मध्ये दोरा बांधून लोंबकळत ठेवली. रेशनच्या कार्डासाठी त्या मुलीने पुन्हा अंगठा काढला, या वेळी लहान.

आता एका चुकीबद्दल. तिन्ही पातळ्या ओळखू याव्यात म्हणून मी कार्डांना रंगीत कडा दिल्या होत्या: महापालिकेला हिरवी, राज्याला लाल, केंद्राला निळी. सगळे भराभर लावत होते, एक मुलगा सारखा चुकायचा. हुशार मुलगा, गणितात पहिला. तोंडी विचारलं तर प्रत्येक उत्तर बरोबर, कार्ड लावताना मात्र लाल-हिरव्यात गोंधळ. मी दोनदा त्याला "लक्ष देऊन बघ" म्हटलं. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, "मॅडम, हे दोनी एकच तं आहेत." लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसत होते. घरच्यांनाही माहीत नव्हतं. मी त्याच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितलं, आणि त्या संध्याकाळी बसून सगळ्या कार्डांवर आकार काढले. महापालिकेला गोल, राज्याला चौकोन, केंद्राला त्रिकोण. चित्रांनी शिकवायचं ठरवलं की रंगावर सगळा भार टाकू नये, हे कोणत्याही प्रशिक्षणात मला कोणी सांगितलं नव्हतं. डी.एड.ला फ्लॅनेल बोर्ड, म्हणजे चित्रं लावायचा कापडी फळा, कसा करायचा ते शिकवलं होतं, पण समोरच्या मुलाला तो दिसतोय का हे विचारायला नाही.

भिंतीवर माणसांचे फोटो लावायचे नाहीत, हाही नियम तेव्हाच केला. एका पालकाने शाळेत येऊन विचारलं होतं, "मॅडम, राजकारण शिकवून रायल्या का पोराईले?" त्यांची काळजी खोटी नव्हती. नेत्याचा चेहरा लावला की घराघरातली मतं वर्गात येतात आणि मुलं पदाऐवजी माणूस पाठ करतात. आमच्या भिंतीवर "आमदार" होता, कोणी एक आमदार नव्हता. ते पालक भिंत बघून गेले. जाताना रस्त्याच्या कार्डापाशी थांबून म्हणाले, वर्धा रोड राष्ट्रीय महामार्ग आहे, तो केंद्राकडे टाका. टाकला.

नगरसेवकाच्या कार्डापाशी मात्र मीच अडखळले. नागपूर महापालिकेत 151 नगरसेवक, शहराचे दहा झोन, हे सगळं काढून झालं होतं. मुलांनी आपापला झोन नकाशावर शोधला. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी ही नावं त्यांनी गाण्यासारखी पाठ केली. मग प्रश्न आला, "आमचा नगरसेवक कोण आहे मॅडम?" मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली होती, निवडणूक झालेली नव्हती आणि प्रशासक कारभार बघत होते. मी ते सोप्या शब्दांत सांगितलं: आत्ता कोणी नाही, निवडणूक होईल तेव्हा होईल, तोवर अधिकारी काम बघतात.

"मंग कार्ड काढून टाकू?"

बराच वेळ चर्चा झाली. काढून टाकलं तर पुढच्या वर्षीच्या मुलांना वाटेल असं काही नसतंच, असं एका मुलीचं म्हणणं पडलं. शेवटी त्यांनी कार्डावर रिकामी खुर्ची काढली. लाकडी, हाताची, पाठीला जाळी असलेली, आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे तशी. गोलाचं चिन्ह कोपऱ्यात. ती खुर्ची वर्षभर सुतळीवर राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मुलं तिच्याबद्दल सांगत.

22 सप्टेंबरच्या रात्री नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. गणपतीचे दिवस होते. 23 ला शाळांना सुट्टी. शाळा उघडल्यावर कोणाचंच मन अभ्यासात नव्हतं. वर्गातल्या एका मुलाचे मावसे डागा लेआउटमध्ये एका इमारतीत चौकीदार, कुटुंबासकट तळमजल्यावर राहणारे. त्यांना रात्री बोटीतून काढलं होतं. तो मुलगा दोन दिवस त्यांच्याकडे जाऊन आला होता आणि त्याला सगळं सांगायचं होतं.

मी धडा बाजूला ठेवला. जमिनीवर चार कार्डशीट जोडून अंथरल्या आणि त्याला म्हटलं, तू सांग, बाकीचे काढतील. तो सांगत गेला. आधी लाल गाडी आली, अग्निशमनची. मग नारंगी कपड्यातले लोक बोट घेऊन आले. एका ठिकाणी लष्करी जवानही होते. पाणी उतरल्यावर घरात चिखल, फ्रिज आडवा पडलेला, मावशीच्या तांदळाच्या कोठीत नालीचं पाणी. मग सफाई कामगार आले, फावड्यांनी गाळ काढला. आणि नंतर एक साहेब वही घेऊन आले आणि काय काय खराब झालं ते लिहून घेऊन गेले.

"ते कोण होते?" मुलांनी विचारलं.

पंचनामा करणारे, महसूल खात्याचे. हे सांगितलं आणि मुलं आपणहून उठून चिन्हं काढायला लागली. अग्निशमन दलावर गोल. सफाई कामगारांवर गोल. पंचनाम्याच्या वहीवर चौकोन. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटीवर चौकोन, राष्ट्रीय दलाच्या बोटीवर त्रिकोण, जवानांच्या टोपीवर त्रिकोण. तीन-चार दिवसांत एका गल्लीत तिन्ही सरकारं येऊन गेली होती. बोलायला कोणी आलं नव्हतं, हात लावायला आलं होतं. ते चित्र पूर्ण व्हायला तीन तास लागले आणि त्या दिवशी मी दुसरा एकही विषय शिकवला नाही. मुलाने शेवटी एका कोपऱ्यात मावशीची कोठी काढली आणि तिच्यावर कोणतंच चिन्ह काढलं नाही. मी विचारलं नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. नागपूरच्या मुलांना ते मोर्चे आणि बंद रस्ते यांवरून ओळखीचं असतं. सिव्हिल लाइन्सच्या विधानभवनासमोरून व्हॅन जात नाही, लांबून फिरून यावं लागतं, म्हणजे "सरकार आलं". थंडीत सरकार नागपुरात का येतं, हे मात्र फारसं कोणी मुलांना सांगत नाही. मी सांगितलं: 1956 पर्यंत नागपूर स्वतः राजधानी होतं, जुन्या मध्य प्रदेशाची. मराठी मुलखाचं एक राज्य करायचं तर विदर्भाला काय मिळणार, यावर 1953 मध्ये नागपूर करार झाला. त्यात वर्षातून एक अधिवेशन इथे भरवायचं ठरलं. 1960 ला महाराष्ट्र झाला आणि ते सुरू झालं.

आत जाण्याचे पास आमच्या शाळेला मिळाले नाहीत. त्याची तयारी मी दिवाळीपासून केली होती. सुट्टीत मुलांना एकच गृहपाठ दिला होता: थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणं गोळा करा. पानठेले, लग्नाचे लॉन, रसवंत्या. मला हवी होती 288, आली साडेतीनशेच्या वर, धुऊन पोत्यात भरून. विधानसभेत 288 आमदार. आम्ही व्हरांड्यात खडूने घोड्याच्या नालासारखा आकार काढला आणि झाकणं मांडली. मांडायला सगळा तास गेला. चारदा मोजली. एकदा 287 भरली, तेव्हा एक मुलगी रडवेली झाली, "कोनाचा तरी आमदार हरवला." तो दाराच्या फटीत सापडला.

नागपूर जिल्ह्याची बारा झाकणं नारंगी रंगवली, संत्र्याची. शहरातली सहा एकत्र: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. ग्रामीणमधली सहा पलीकडे: काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक. एवढ्या मोठ्या मांडणीत बारा नारंगी ठिपके. मुलं बराच वेळ नुसती बघत राहिली.

"आता यांच्यातून सरकार कसं होईल?" मी विचारलं.

निम्मी एकीकडे करा, कोणीतरी म्हणालं. 144 इकडे, 144 तिकडे. मग? दोन्ही बाजू सारख्या. "एक झाकन इकडून तिकडं सरकवा," तो रंगांचा घोळ होणारा मुलगा म्हणाला. त्याने ते स्वतः सरकवलं. 145. बहुमत हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला, आधी नाही. मग मी एका मुलीला सांगितलं, आता यातून मंत्री उचल. विधानसभेच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 43. तिने 43 झाकणं उचलून पुढच्या ओळीत ठेवली. मंत्री म्हणजे आमदारांहून वेगळी कोणी माणसं, असं या मुलांना वाटत होतं. विधान परिषदेतूनही मंत्री होतात, तेही सांगितलं, पण उचललेली झाकणं त्याच पोत्यातली होती हे त्यांच्या बोटांनी पाहिलं. आणि उरलेल्यांनी काय करायचं? "प्रश्न विचारायचे," असं उत्तर आलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

विधान परिषदेसाठी 78 झाकणं वेगळी ठेवली. त्यातले सात शिक्षक मतदारसंघांतून येतात, नागपूर विभागाचाही एक. मुलांना वाटलं मॅडम त्यात मत देत असतील. त्या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत असतं, प्राथमिकच्या शिक्षकाला नाही. ही गोष्ट मला नेहमी खुपते. ज्या वयात मूल पहिल्यांदा सरकार हा शब्द ऐकतं, त्या वयाच्या शिक्षकाचं मत तिथे धरलं जात नाही.

झाकणांनी आमच्या शालेय मंत्रिमंडळाचंही रूप बदललं. आमच्याकडे दरवर्षी मंत्री नेमले जायचे: स्वच्छता मंत्री, पाणी मंत्री, आहार मंत्री. नेमणूक शिक्षक करायचे आणि मंत्री बिल्ला लावून फिरायचे. जानेवारीत आम्ही खरं मतदान घेतलं. मी मुलांना 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगितली: तेव्हा देशात शंभरातल्या अठरा-वीस जणांनाच लिहितावाचता येत होतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं. लोकांनी चित्र बघून मत टाकलं. आपल्या देशाने सगळ्यात मोठी गोष्ट चित्रांवर विश्वास ठेवून केली, हे मला स्वतःला फार मोलाचं वाटतं, आणि सांगताना माझा आवाजही थोडा बदलला असेल. आम्ही बुटांच्या खोक्यांच्या पेट्या केल्या. चिन्हं मुलांनी ठरवली, अट एकच, खऱ्या पक्षाचं चिन्ह चालणार नाही. शार्पनर, वेणी, कढई, पाण्याची बाटली निवडून आली. आणि दर शनिवारी निम्मा वर्ग समोर बसून मंत्र्यांना प्रश्न विचारू लागला. पाणी मंत्र्याला पहिला प्रश्न होता, नळाजवळचा गिलास तीन दिवसांपासून कुठे आहे.

एप्रिलमध्ये लोकसभेची निवडणूक आली. नागपूर आणि रामटेकचं मतदान 19 तारखेला, पहिल्याच टप्प्यात. आमची शाळा मतदान केंद्र होती आणि आमचाच वर्ग बूथ. मला दुसऱ्या शाळेत ड्युटी लागली, मतदान अधिकारी क्रमांक दोन: नोंदवहीत सही किंवा अंगठा घ्यायचा आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची. 18 ला साहित्य उचलायला जाण्याआधी आम्ही भिंत उतरवली. सुतळ्या गुंडाळल्या, कार्डं डब्यात, खाकी कागदाचा रोल कपाटावर. दिवसभर मी शेकडो बोटांना शाई लावली. शेतमजुरांची, नव्या नवरीची, थरथरणारी, हळदीने पिवळी झालेली. संध्याकाळी माझ्या स्वतःच्या बोटांवर डाग पडले होते ते आठवडाभर गेले नाहीत.

शाळा परत भरली तेव्हा वर्गाच्या दारावर बूथचा क्रमांक तसाच होता. मुलं आधीच आत शिरून भिंत लावत होती. मी काही सांगितलं नव्हतं. नळ खिडकीशी, संसद दाराच्या वर, सुतळ्या जागच्या जागी. कार्डं आठवून आठवून लावत होते. रिकामी खुर्ची तिच्या जागी आली.

ती रेशनवाली मुलगी माझ्याजवळ आली, हातात नवं कार्ड घेऊन. सुरकुत्यांचा हात, तर्जनीवर जांभळी रेघ, नखापासून खाली ओघळलेली. "आजीचा आहे. यावेळी अंगठा नाही, बोट आहे," ती म्हणाली. "खुर्चीखाली लावू का मॅडम?"

मी म्हटलं, हे मत लोकसभेचं होतं, खुर्ची नगरसेवकाची आहे.

तिने क्षणभर विचार केला, स्टुलावर चढून कार्ड दाराच्या वर संसदेशेजारी लावलं. मग खाली उतरून डब्यातून एक मोकळा चिमटा घेतला आणि तो रिकाम्या खुर्चीच्या बाजूला सुतळीला लावून ठेवला.

"हा कशाला?"

"ते मतदान आलं का मंग लावीन."